गळ्यातून गिटार काढू नकोस

भातसानगर,
३ नोव्हेंबर २००३

चि. सौ. सरिता हिस,

तुझे पत्र पोचले. तीन वर्षांनी आलेले पत्र लगेच फोडवत नाही. दुपारी ऑफिसातली माणसे डबे घेऊन बाहेर जाईपर्यंत मी ते खणात ठेवले होते. आत एकच वाक्य निघाले. "दादा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची हाय, कोनची घेऊ ते कळव, तुला त्यातलं कळतं." आई कशी आहे, आप्पांचे गुडघे कसे आहेत, मी कसा आहे, यांपैकी कशाचीही विचारपूस नाही. कागद उलटून पाहिला, तर मागे 'म्हसोबा प्रसन्न बेंजो पार्टी, धसई' असा तुझ्या यजमानांचा लाल शिक्का तेवढा होता.

असो. प्रश्न विचारला आहेस तर उत्तर नीट देतो. अर्धवट सांगितलेले कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

मी पॉलिटेक्निकला असताना सुट्टीत घरी आणायचो ती गिटार तुला आठवत असेल. तिला पोकळ लाकडी पोट होते आणि आवाज त्या पोटात घुमून बाहेर यायचा. इलेक्ट्रिक गिटारीला पोट नसते, ती भरीव फळी असते. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. मग आवाज येतो कुठून? तारांच्या खाली चुंबक बसवलेले असतात आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. या जोडीला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की गुंडाळीत अगदी क्षीण वीज निर्माण होते. आमच्या धरणाच्या वीजघरात पाण्याच्या जोरावर जे प्रचंड प्रमाणावर चालते, तेच इथे एका बोटाच्या जोरावर चालते. मला आजही याचे नवल वाटते. ती क्षीण वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. म्हणून खरेदी दोन वस्तूंची असते, गिटार आणि तिचा अॅम्प्लिफायर. सगळे पैसे गिटारीवर घालवून नंतर ती लग्नाच्या भोंग्याला जोडण्याचा विचार असेल, तर आत्ताच सोडून द्यावा.

निवडताना काय पाहायचे? गिटारीची मान डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या कडेवरून नजर टाकावी, सुतार फळी बघतो तशी. वाक दिसला तर ती परत ठेवावी. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात; प्रत्येक पडद्यावर तार दाबून वाजवावी, खरखर ऐकू येता कामा नये. तारा ताणायच्या खुंट्या फिरवाव्यात, त्या सैल नसाव्यात. आवाजाचे बटण फिरवताना भोंग्यातून चरचर आली तर आतला सांधा खराब आहे असे समजावे. तार हलवण्यासाठी खाली लोंबता दांडा असतो, तो नवशिक्याने घेऊ नये. त्याने सूर सतत उतरतात. रंग शेवटी पाहावा. शक्यतो पाहूच नये.

तुझ्या यजमानांचा हात बेंजोच्या बटणांना सरावलेला आहे, त्यामुळे त्यांना रुंद मानेची गिटार जड जाईल. वाजवणाऱ्याच्या पंज्याचे माप मला कळव, म्हणजे मी नेमके सांगू शकेन. तोपर्यंत काहीही विकत घेऊ नये.

पत्र याच ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावे. निवृत्तीनंतर आप्पा आणि आई इथेच माझ्या क्वार्टरमध्ये राहतात आणि टपाल आप्पाच घेतात. मुरबाडला लग्न नोंदवून तू धसईला गेलीस, त्या दिवसापासून आमच्या घरात बेंजो हा शब्द कोणी उच्चारत नाही. बेंजो वाजवणाऱ्या जावयाचे नाव तर आप्पांनी आजतागायत तोंडातून काढलेले नाही.

आई बरी आहे. तू विचारले नव्हतेस, तरी सांगतो.

संदेश


भातसानगर,
२६ नोव्हेंबर २००३

चि. सौ. सरिता हिस,

तू गिटार घेतलीस.

'काहीही विकत घेऊ नये' या वाक्याचा याहून वेगळा अर्थ निघतो का, हे मी दोनदा तपासले. निघत नाही. ती लाल भडक आहे आणि तिला लोंबता दांडाही आहे. ती का निवडली, याचे कारण तू मोठ्या अभिमानाने लिहिले आहेस. "टेंपोच्या मागं उभं राहिलं तरी पार मंडपातून दिसते." सरिता, वाद्य ऐकण्यासाठी असते. लांबून दिसायला पेट्रोमॅक्स पुरली असती.

पण खरी कमाल पुढे आहे. कल्याणच्या दुकानातला संवाद तू जसाच्या तसा उतरवला आहेस. तो वाचून मी खुर्चीतून उठून व्हरांड्यात एक फेरी मारून आलो.

"शेठ, जरा आवाज दाखवा की."

"लाइट नाही ताई. पाचला येईल."

"पाचला आमची मुरबाडची शेवटची जीप नं. मंग कसं?"

"ताई, आवाज काय, सगळ्यांचा सारखाच असतो. ही फास्ट वाजते."

विजेवर चालणारे वाद्य तुम्ही वीज नसताना, न ऐकता, जीप सुटेल म्हणून घेतलेत. बैल घेताना माणूस निदान चार पावले चालवून बघतो. वर मलाच टोमणा मारला आहेस. "तू धरनावर वीज करतो नं, मंग कल्यानला लाइट का नव्हती?" भारनियमन माझ्या टेबलावरून ठरत नाही. ही गोष्ट मी आईलाही समजावू शकलेलो नाही, तिथे तुला पत्रातून काय समजावणार.

असो. झाले ते झाले. आता त्या वस्तूची तपासणी टपालाने करू. मान वाकडी आहे का ते पाहा. सहाही तारा प्रत्येक पडद्यावर वाजवून कुठे खरखर येते ते लिहून पाठव. लोंबता दांडा काढून डब्यात ठेव आणि तो डबा कुठे ठेवला ते विसरून जा. वायर लांब घे. दुकानदाराने दिली असेल ती आखूड असणार. हळदीच्या धामधुमीत आखूड वायरीत पाय अडकून माणूसही पडतो आणि वाद्यही.

पंज्याचे माप म्हणून तू पाकिटातून दोरा पाठवलास. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, हात पूर्ण ताणून, असे सोबत लिहिले आहेस. दोरा पट्टीवर ठेवून मोजला. तुझ्या यजमानांचा हात आठवीतल्या मुलाएवढा आहे की काय, हे मला कळेना. पुन्हा नीट मोजून पाठव.

आईला मी काही सांगितलेले नाही. तरी परवा जेवताना तिने विचारले, "तुझ्या खिशात लाल दोरा कसला रे?" मी म्हटले, ऑफिसचा.

संदेश


भातसानगर,
२२ डिसेंबर २००३

चि. सौ. सरिता हिस,

आमच्या ऑफिसातला शिपाई गणू सरळगावचा आहे. शनिवारी तो चुलतभावाच्या हळदीला गेला होता. आज सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "साहेब, काय पार्टी होती. टेंपोवर बाई उभी, पदर खोचलेला, गळ्यात लाल गिटार. पोरं नाचायची थांबून बघत राह्यली. धर्मा बेंजोवाल्याची बायको म्हनं."

मी चहा तसाच ठेवला. कपाट उघडून तो दोरा काढला आणि स्वतःच्या हातावर ताणून पाहिला. मग समजले.

इतके दिवस मी ज्याला शिकवतो आहे असे समजत होतो, तो शिकणारा अस्तित्वातच नाही. तू एकदाही लिहिले नाहीस की वाजवणारी तू आहेस. मी 'तुझ्या यजमानांचा हात, तुझ्या यजमानांचा हात' असे लिहीत राहिलो आणि तू वाचून हसत असशील. शिकवणाऱ्याला विद्यार्थी कोण आहे एवढे तरी कळायला हवे. आधी सांगितले असतेस तर सगळा सल्ला वेगळा दिला असता. लहान पंज्याला अरुंद मान, हलके अंग, रुंद पट्टा. ती जड लाल फळी तू तासन्‌तास खांद्यावर घेऊन टेंपोवर उभी राहतेस. नेहमीच्या पट्ट्याच्या जागी शाळेच्या दप्तराचा असतो तसा रुंद पट्टा आजच लाव. ही विनंती नाही.

आता तारांविषयी. पहिल्याच आठवड्यात तार तुटली आणि धर्माने सहाही ठिकाणी बेंजोच्या तारा चढवून सगळ्या एकाच सुरात लावल्या, असे तू लिहितेस. बेंजोच्या तारा एकाच सुरात असतात, कारण सूर बदलण्याचे काम तिथे बटणे करतात. गिटारीच्या सहा तारा सहा वेगवेगळ्या सुरांच्या असतात. वरची जाड आणि खर्जातली, खालची बारीक आणि उंच. त्यामुळे बोटे फार न हलवता जवळच्या जवळ सगळे सूर सापडतात. सहाही एकाच सुरात लावणे म्हणजे घरातल्या सहा खोल्यांना एकच दार ठेवणे. यावर तुझे उत्तर असे, "पन दादा, हळदीच्या गाण्याला लोकांना आवडलं." लोकांना आवडले हा भौतिकशास्त्रातला पुरावा होत नाही.

सोबत गिटारीच्या तारांची दोन पाकिटे पाठवतो. कोणती तार कुठे, याची आकृती काढली आहे. मधले बोट दुसऱ्या पडद्यापाशी, त्याच्या अगदी मागे. पडद्यावर बोट नको. शेंड्याने दाबायचे, पेराने नको. बोटांना घट्टे पडेपर्यंत दुखेल. गरम पाण्यात बोटे बुडवू नकोस, कातडी मऊ होते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. शाळेत हार्मोनियमवर तुझा हात चांगला फिरायचा, म्हणून हेही जमेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो.

गणूला मी सांगितलेले नाही की तू माझी बहीण आहेस. त्याने विचारलेही नाही. फक्त जाताना म्हणाला, "साहेब, तुमचा चहा गार झाला."

संदेश


भातसानगर,
९ फेब्रुवारी २००४

सरिता,

हे पत्र उद्याच्या टपालाने निघेल आणि रविवारच्या पहिल्या एसटीने मी स्वतः निघेन. दोन्हींपैकी जे आधी पोचेल ते पोचो. तोपर्यंत त्या गिटारीला हात लावायचा नाही.

तुझ्या पत्रातल्या ओळी तुला पुन्हा वाचून दाखवतो. "दादा, गिटारीच्या तारेवर हात ठेवून माइकला तोंड लावलं का ओठाला मुंग्या येतात. करंट बारीकच हाय. चंदा ढोलकीवाली तर मुद्दाम मला माइकवर बोलायला लावते नं हसते."

गुदगुल्या म्हणून वीज कोणी पाठवत नाही. टेंपोवरच्या जनरेटरची वीज तुमच्या भोंग्याच्या मशीनच्या पत्र्यात उतरली आहे. मशीनमधून ती वायरीने गिटारीत आणि गिटारीच्या तारांतून तुझ्या हातात येते. माइक दुसऱ्या मशीनवर आहे. म्हणजे दोन मशीनच्या मध्ये पूल म्हणून तू उभी आहेस. आज चप्पल कोरडी होती म्हणून मुंग्या आल्या. उद्या अंगणात पाणी शिंपडलेले असेल, पाय ओला असेल, मग मुंग्या येणार नाहीत. मी रोज जिथे काम करतो तिथे असल्या बारीक करंटाची नोंद अपघातांच्या रजिस्टरात करतात.

अर्थिंग कसे करायचे हे पत्रातून शिकवण्याची माझी तयारी नाही. मी मीटर घेऊन येतो. धर्माला एक लोखंडी सळई, कोळसा आणि मीठ तयार ठेवायला सांग. आप्पांना मी मुरबाडला कामानिमित्त जातो असे सांगितले आहे. ते म्हणाले, "काम काय?" मी म्हटले, "अर्थिंगचे." ते खरे आहे.

संदेश


भातसानगर,
१७ फेब्रुवारी २००४

चि. सौ. सरिता हिस,

सळई अंगणाच्या कोपऱ्यात ओल राहते तिथे ठोकली आहे, तिला हलवू नये. परगावी वाजवायला जाल तेव्हा दुसरी सळई टेंपोत असावी. दोन्ही मशीन एकाच वायरीने तिला जोडल्याशिवाय जनरेटर चालू करू नये. चंदाला पुन्हा सांग की तिच्या हसण्यावर माझा आक्षेप नाही, तिच्या प्रयोगावर आहे.

त्या दिवशी तू भात वाढलास, मी जेवलो, आणि आपण दोघे अॅम्प्लिफायरविषयीच बोलत राहिलो. एसटीत बसल्यावर मला जाणवले की जे सांगायला हवे होते ते मी सांगितलेच नाही. म्हणून आता लिहितो.

माझे लग्न ठरले आहे. मुलगी शहापूरची, नाव कुणाली, शाळेत गणित शिकवते. हळद ८ मे रोजी आपल्या गावच्या घरी, किन्हवलीला. लग्न दुसऱ्या दिवशी.

यादी आप्पांनी केली. तुझे नाव त्यात नाही. आईने विचारले, "करवली कोण मंग?" करवली म्हणजे पाण्याचा कऱ्हा घेऊन नवऱ्यामागे उभी राहणारी त्याची बहीण, हे तिने आप्पांना सांगायची गरज नव्हती. आप्पा म्हणाले, "शकू धरील कऱ्हा." शकू चुलत बहीण आहे, मुलगी चांगली आहे. आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी बोललो. आप्पा म्हणाले, "त्या घरातली सून म्हनून माझ्या मंडपात पाय ठेवायचा नाय तिनं." वाक्य संपवले आणि रेडिओ लावला. त्यानंतर मी दोन वेळा विषय काढला आणि दोन्ही वेळा बातम्यांचा आवाज वाढला.

मला याचा फार उबग आला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर कालव्याचे पाणी खालच्या शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही हे पाहिले, त्याला एवढी साधी गोष्ट दिसू नये.

संदेश


भातसानगर,
१९ एप्रिल २००४

म्हसोबा प्रसन्न बेंजो पार्टी, धसई, यांस,

वरील मायना पाहून गोंधळू नकोस. हे पत्र तुलाच आहे, पण व्यवहाराचे आहे.

परवा आप्पा म्हणाले, "वाजंत्री तू ठरव. माझ्या कानावर घालू नको." मी आज्ञाधारक मुलगा आहे. ठरवली, आणि कानावर घातलेली नाही. सुपारी गणूच्या हातून धर्माला पोचेल. ८ मे, संध्याकाळ, किन्हवली.

आप्पांचे शब्द मी नीट तपासले आहेत. 'मंडपात' पाय ठेवायचा नाही असे ते म्हणाले. टेंपो मंडपाच्या बाहेर, आंब्याखाली उभा राहतो. तिथली जमीन ओली असते, सळई सहज बसेल. घरातल्या मीटरवरून वीज घेऊ नका, जनरेटर आणा.

आता मुख्य मुद्दा. वाजवायला सुरुवात होण्याआधी घरची बाई ताट घेऊन येते आणि वाद्यांना हळद-कुंकू लावते, हे तू टेंपोपाशी अनेकदा पाहिले असशील. आपल्या घरची बाई म्हणजे आई. तिला मी काहीच सांगितलेले नाही. सांगितले तर तिचा चेहरा आप्पांना सकाळीच सगळे सांगून टाकील. त्या वेळी वाद्ये टेंपोखाली मांडलेली असतात, बेंजो चौरंगावर, ढोलकी जमिनीवर. त्यांना वाकून, खाली बघूनच हळद लावता येते. गिटार मात्र वाजवणाऱ्याच्या गळ्यात असते. ती गळ्यात असेल तर तिला हळद लावायला ताट घेऊन आलेल्या बाईला वाजवणाऱ्याच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर यावेच लागते, आणि मान वर करावीच लागते.

म्हणून एकच सूचना. आजवर तू माझे काहीही ऐकलेले नाहीस. गिटार घेताना ऐकले नाहीस, रंगाचे ऐकले नाहीस, दांडा तू अजून काढलेला नाहीस हे मी धसईला येऊन डोळ्यांनी पाहिले. ते सगळे राहू दे. एवढे एक ऐक. आई ताट घेऊन येईल तेव्हा गळ्यातून गिटार काढू नकोस.

संदेश


भातसानगर,
१६ मे २००४

चि. सौ. सरिता हिस,

तू गिटार काढलीस.

एवढ्या स्पष्ट सूचनेनंतर. आई बेंजोला हळद लावून, ढोलकीला लावून पुढे आली, तिने मान वर केली, आणि तू सगळे विसरून पट्टा डोक्यावरून काढून गिटार खाली ठेवलीस आणि तिच्या पायांशी वाकलीस. मी पाटावर हळद लावून घेत बसलो होतो, तिथून ओरडताही येईना. गिटार खाली ठेवण्याआधी आवाज बंद करावा, हे मी धसईला तीन वेळा दाखवले होते. तू केला नव्हतास. भोंग्यांतून जो गडगडाट झाला त्याने अंगणातली पोरे कान झाकून पळाली, आंब्यावरचे कावळे उडाले, आणि आप्पा, जे वाजंत्री सुरू होण्याआधीच डोके दुखते म्हणून मागच्या पडवीत जाऊन बसले होते, ते काय कोसळले ते पाहायला पुढे धावत आले.

त्यांनी पाहिले की आई ताट एका हातात धरून उभी आहे आणि गिटारीची हळद दुसऱ्या हाताने तुझ्या गालांना लावते आहे. सगळी संपेपर्यंत लावते आहे. ती रडत नव्हती. उलट रागावल्यासारखी दिसत होती. "किती बारीक झाली गो तू," एवढेच म्हणाली.

गडगडाट चालूच होता. आप्पा टेंपोकडे वळले आणि ओरडले, "धर्मा, बंद कर तो आवाज."

तू तेव्हा आईच्या खांद्यात तोंड खुपसून उभी होतीस, तुझ्या लक्षात आले की नाही मला माहीत नाही. धर्माच्या आले. तो बटण शोधायचे सोडून आप्पांकडे बघतच राहिला. शेवटी चंदाने वायर उपटली. वायर अशी उपटायची नसते, त्याने सांधा तुटतो, पण त्याविषयी पुढे कधीतरी. शांतता झाल्यावर आप्पा आत जाता जाता कोणाकडेही न बघता म्हणाले, "जेवल्याशिवाय टेंपो हलवायचा नाय."

आता दुसऱ्या दिवसाविषयी. मंगलाष्टके सुरू होण्याआधी शकूने आप्पांसमोरच कऱ्हा तुझ्या हातात दिला आणि आप्पा अक्षता शोधत राहिले, हे ठीक झाले. परंतु करवलीने कऱ्हा सरळ आणि स्थिर धरायचा असतो. दोन्ही हात खालून, कोपरे अंगाशी. तुला मी सकाळीच दाखवले होते. तरीही शेवटच्या मंगलाष्टकाला तू तो तिरपा केलास आणि पाणी माझ्या मानेवरून थेट पाठीत गेले. कुणाली सर्वांसमोर हसली. तिला वाटले ही आपल्याकडची पद्धत आहे.

दोन गोष्टी धसईला घेऊन जायला तू विसरलीस. रुंद पट्टा आणि आईने बांधून ठेवलेला लाडवांचा डबा. पट्टा मी पाठवू शकतो. डबा आप्पा म्हणतात टपालाने जाणार नाही, फुटेल. ते म्हणतात रविवारी मुरबाडच्या एसटीला गर्दी कमी असते.

संदेश